हात चिखलात घालून केलेलं काहीतरी (अनुभव धागा)

गेल्या दिवाळीत आमच्या पार्किंगमध्ये किल्ला झाला. 'झाला' म्हणते, कारण करायचा असं कुणीच ठरवलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांनी फुटक्या विटा गोळा केल्या. 'अरे असं नाही, खाली दगड, वर गोणपाट' म्हणत त्यांचे आजोबा बाह्या सरसावून आले. रात्री नऊ वाजता मी, वय वर्षं सेहेचाळीस, सकाळी ऑफिसात ऑडिट, घमेल्यात चिखल तुडवत होते. गोणपाट चिखलाच्या काल्यात बुडवून ढिगावर टाकलं की डोंगर आपला आपण होतो. चुण्या पडतात त्याच दऱ्या.

पाच वर्षं एकाच लिफ्टने जातोय, पण त्या आजोबांचं नाव मला त्या रात्री कळलं.

तर हा धागा त्यासाठी. विकायचं नाही, बक्षीस नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. नुसतं हौसेने हाताने काही केलंत आणि बघता बघता शेजारपाजार त्यात ओढला गेला, असं काही असेल तर लिहा. फसलेलं आधी लिहा.

*

फसलेलंच लिहितो. पुणे. 2025 च्या जुलैत आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ना, त्यातला जिंजी एकटा तमिळनाडूत. लेकीने शाळेत ऐकलं आणि हट्ट धरला, यंदा राजगड नको, जिंजी. राजगड मी डोळे मिटून करतो हो. मधे बालेकिल्ला, तीन बाजूंना तीन माच्या, संजीवनी शेपटीसारखी लांब ओढायची, झालं. जिंजीला तीन वेगळे डोंगर आणि तिघांना कवेत घेणारा तट. आमच्या दारात जागा चार बाय तीन फूट. दोन डोंगर बसले, तिसरा शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर गेला. त्यांनी पायपुसणं उचललं आणि म्हणाले, 'चंद्रगिरी आमच्याकडे, देखभाल आम्ही करू.' खरा जिंजीचा वेढा 1690 ते 1698 चालला. आमची जिंजी रात्रीच्या पावसात आडवी. सकाळी महाराज सिंहासनासकट गटाराच्या जाळीपाशी. शेजाऱ्यांचा डोंगर मात्र शाबूत! त्यांनी वर प्लास्टिक टाकलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं.

*

गिरगाव, चाळ, ऐंशीचं दशक. आमच्याकडे कंदील विकत आणणं म्हणजे आळशीपणाची जाहिरात. गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून बायका-पुरुष-पोरं सगळे कामट्या तासत बसायचे. खळ एकाच घरात शिजायची, कारण त्या काकूंना गुठळ्या न होऊ देता मैदा ढवळता यायचा. मला हात लावू द्यायचे ते फक्त झिरमिळ्यांना. पतंगाच्या कागदाची घडी घालून कात्रीने कातरायच्या, शेवटपर्यंत नेल्या तर झिरमिळी तुटून हातात. एका वर्षी सगळ्या मजल्यांना एकच रंग ठरला, पांढरा. एकाने ऐनवेळी हिरवा लावला. त्यांच्याशी दोन खोल्या आठ दिवस बोलत नव्हत्या. हिरवा सगळ्यात छान दिसत होता, हे आत्ता कबूल करते.

*

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचे नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे पोरांच्या हातावर ठेवायचे पैसे, पुण्याकडच्यांसाठी सांगून ठेवतो. माझा नंदी आजोबांचा, एक शिंग गेलेलं. आई दरवर्षी कणकेचं शिंग करून हळद लावायची. एका वर्षी अर्ध्या रस्त्यात ते एका गाईनं खाल्लं. त्या वर्षी बोजारा दुप्पट मिळाला. त्याच दिवशी मारबत आणि बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, त्यावर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.

*

थोडं विरजण घालतो. हल्ली बाजारात तयार किल्ला मिळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा, रंगवलेला. आणायचा, ठेवायचा, फोटो काढायचा. आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीने माती आणायलाच बंदी केली, टाइल्स खराब होतात म्हणून. तुमच्या पार्किंगमध्ये चिखल चालतो हे वाचून हेवा वाटला, बाकी काही नाही.

*

वरच्यांना: तयार किल्ल्याला इतकं हिणवू नका. माझ्या आईचे हात संधिवाताने आखडलेत. ती तयार किल्ला आणते आणि त्यावर फक्त हळीव पेरते. रोज चष्मा लावून कोंब मोजते. मला तरी तेवढं पुरतं.

*

गोव्यात फोंड्याजवळचा आहे, घरात मराठी-कोंकणी दोन्ही. आमची दिवाळी राक्षसापासून सुरू होते. नरकासुर. बांबूचा सांगाडा, पोटात गवत, वरून कागद, आणि चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा. पंधरा दिवस रात्री जागून केलेला, एका काडीत खलास. मी मुखवट्याच्या टोळीत. जुन्या कागदाचे थर खळीने चिकटवत जायचं, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. थांबलं नाही तर गाल आत जातो आणि राक्षस दाढदुखीने बेजार दिसतो. आमचा एकदा तसा झाला. लोकांना तोच आवडला, पुढच्या वर्षी मुद्दाम तसाच करा म्हणून निरोप. मुद्दाम केला तर जमेना. हल्ली डीजे लावतात, त्या कानठळ्यांबद्दल मी काही बोलत नाही, घरचेच लोक आहेत.

आणि माशेलला कधी आषाढी द्वादशीला या, चिखलकाल्याला. देवकीकृष्णाच्या पटांगणात अंगाला तेल लावून म्हातारे-पोरं सगळे चिखलात लोळतात. तिथे आमचे मास्तर ओळखू आले नव्हते. ते आणि मी, दोघेही सारखेच बरबटलेले.

*

इंग्लंडहून. इथे लाल माती कुठली? कुंडीची काळी, भुसभुशीत माती आणली, ती कशावरही धरून राहत नाही. शेवटी पिठासारखी मळून बघितली, त्यात खरंच मूठभर मैदा घातला. हळीव मिळेना म्हणून हिरमुसले होते, तर गार्डन सेंटरमध्ये क्रेस नावाचं पाकीट दिसलं. घरी आणून भिजवलं, दहा मिनिटांत तोच ओळखीचा बुळबुळीतपणा! आपला हळीवच तो. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. त्या लहानपणी अंड्याच्या टरफलात कापूस घालून क्रेस पेरायच्या, वरून डोळे-नाक काढायच्या, म्हणजे हिरव्या केसांचं डोकं तयार. दुसऱ्या दिवशी त्यांनी तशी तीन डोकी आणून दिली. आमच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी तीन इंग्रज टरफलं उभी होती. कोण म्हणून ठेवायची यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी वखारवाले.

*

कोल्हापूर. हादगा. पाटावर धान्याचा हत्ती. गहू, तांदूळ, तूर, प्रत्येकीच्या घरचं एकेक. माझ्याकडे कायम शेपूट यायचं. सोंड ताईकडे. अजून राग आहे.

*

धागा काढणारी मी परत. सगळं वाचतेय, जिंजीवाल्यांच्या शेजाऱ्यांना नमस्कार सांगा. इंग्लंडवाल्या ताईंनी लिहिलेला बुळबुळीतपणाच कामाचा असतो, त्यानेच हळीव उतारावर चिकटून राहतो. मोहरी घरंगळते. पेरणी वसुबारसेच्या आत उरका, कोंब यायला दोन-तीन दिवस लागतात. नाहीतर पाडव्याला उजाड डोंगर आणि भाऊबीजेला जंगल.

एकाने निरोपात विचारलंय, शहरात माती कुठून आणायची. आम्ही नर्सरीतून दोन पोती घेतली. लाल मागा. काळी देत असतील तर घेऊ नका, वाळली की बुरुजाला भेगा पडतात आणि मावळे आत जातात. आमचे दोन अजून सापडलेले नाहीत.