कॅसलरे: मुत्सद्दी की आयर्लंडचा सौदागर?

बखरबहाद्दर: डब्लिनमध्ये जन्मलेला रॉबर्ट स्ट्युअर्ट, म्हणजे लॉर्ड कॅसलरे, हा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, याला उगाच खलनायक करून ठेवलंय. नेपोलियनविरुद्ध रशिया, ऑस्ट्रिया, प्रशियाची मोट बांधणं खायचं काम नव्हतं. युद्धानंतरच्या व्हिएन्ना परिषदेत त्याने हरलेल्या फ्रान्सचे लचके तोडू दिले नाहीत. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा 1815 चा जाहीरनामाही त्याच्याच आग्रहाने निघाला. आणि लोकांच्या लक्षात काय, तर आयर्लंडची संसद मोडून तिला ब्रिटनच्या संसदेत विलीन करणारा 1800 चा युनियन कायदा!

शंकासुर: राहणारच! डब्लिनच्या संसदेने जानेवारी 1799 मध्ये प्रस्ताव 111 विरुद्ध 106 ने हाणून पाडला. वर्षभरात बऱ्याच जागी माणसं बदलली आणि 158 विरुद्ध 115 ने संसद स्वतःलाच बुडवायला तयार! मधल्या काळात चीफ सेक्रेटरी, म्हणजे आयर्लंडच्या सरकारी कारभाराचा मुख्य सूत्रधार कोण? हेच साहेब. सरदारक्या वाटल्या, पेन्शनी वाटल्या. रद्द झालेल्या प्रत्येक मतदारसंघामागे मालकाला 15 हजार पौंड. हो, मतदारसंघाला मालक असायचा.

बखरबहाद्दर: ते पैसे विरोधात गेलेल्या मालकांनाही मिळाले, ते सोयीस्कर विसरलात. सरदारक्यांचं मान्य. पण युनियननंतर कॅथलिकांना संसदेत बसू द्यायला राजा तिसरा जॉर्ज आडवा आला, तेव्हा 1801 मध्ये पंतप्रधान पिटसोबत यानेही पद सोडलं.

शंकासुर: आणि 1802 मध्ये त्याच राजाच्या मंत्रिमंडळात परत! कॅथलिक बसले 1829 पर्यंत वाट बघत.

ओसरीवरून: परतला तो बोर्ड ऑफ कंट्रोलवर, म्हणजे कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवायला. वसईच्या तहावरून गव्हर्नर जनरल वेलस्लीला (तोही आयरिश सरदारच) यानेच 1804 मध्ये टोकलं: बाजीरावाला पंखाखाली घेतलं की मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत आपण अडकू. पुण्याबद्दल एवढी सावध नजर, मग घरच्या बेटाबद्दल का नाही? कॅसलरेच्या घराण्याच्या माउंट स्ट्युअर्ट वाड्याजवळच, ग्रेअ‍ॅबीला, पाद्री जेम्स पोर्टरना 1798 मध्ये फासावर चढवलं. त्यांनी कॅसलरेच्या वडिलांची लेखांतून खिल्ली उडवली होती.

शंकासुर: 1822 मध्ये याने चाकूने गळा चिरून घेतला. म्हणूनच दफनासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीत नेताना लोकांनी हुर्यो केली.

बखरबहाद्दर: ते लंडनचे लोक हो! त्यांना राग पीटरलूचा, म्हणजे मँचेस्टरच्या सभेवर घोडदळ घातल्याचा, आणि 1819 च्या दडपशाहीच्या कायद्यांचा. गृहमंत्री सिडमथ, पण तो बसायचा लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. खालच्या, कॉमन्समध्ये सरकारची बाजू मांडायला उभा राहायचा हा, म्हणून शिव्याही यालाच.

शंकासुर: मांडायची नव्हती. सभागृहाचा नेता होता, सिडमथचा कारकून नव्हता.