विषय: दिवाळीचा हॉल आणि न बोललेली 320 घरं

नमस्कार मंडळी,
टोरांटोतल्या आपल्या मंडळाच्या 400 घरांना दिवाळीच्या हॉलबद्दल फॉर्म पाठवला, 80 उत्तरं आली. त्यांतल्या 64 घरांना, म्हणजे 80 टक्क्यांना, तिकीट वाढलं तरी मोठाच हॉल हवाय. शुक्रवारी ॲडव्हान्स भरतेय.
मृणाल (सचिव)

मृणाल, थांब जरा.
मी सध्या नागपुरात 45 डिग्रीत भाजतोय. परवा आमच्या स्कीममध्ये (इथे फ्लॅटच्या इमारतीला स्कीमच म्हणतात, टोरांटोत जन्मलेल्यांसाठी सांगतो) सेक्रेटरी भर दुपारी दारोदार फिरले. प्रश्न: कूलरसाठी बोअरची वेगळी लाइन घ्यायची का? निकाल: कोणालाच नको! अहो, एसीवाल्यांच्या शांत घरात बेल ऐकू गेली, त्यांनी दार उघडलं. कूलरच्या घरघरीत बेल कुठली ऐकू येते? मीही आत कूलरसमोर पन्हं पीत बसलो होतो.
आपलंही तेच. उरलेली 320 घरं ‘नको’ म्हणाली तर पाठिंबा 16 टक्के, ‘हो’ म्हणाली तर 96. ज्याला तिकीट परवडत नाही तो फॉर्म भरून तसं कळवेल होय? तो गुपचूप यायचा बंद होतो.
श्रीधरकाका

काका, पटलं. पण आणखी दोन रिमाइंडर टाकले, 150 उत्तरं आली, तर चालेल ना?
मृणाल

आकडा फुगेल गं, पण तसलेच लोक बोलले तर काय फायदा? कॅनडात हेच झालं. जनगणनेचा मोठा फॉर्म 2006 ला सक्तीचा होता, पाचांतल्या एका घराला. उत्तरं सुमारे 94 टक्के. 2011 ला ऐच्छिक केला (त्यावरून मुनीर शेख 2010 मध्येच स्टॅटिस्टिक्स कॅनडा या जनगणना करणाऱ्या सरकारी संस्थेचं प्रमुखपद सोडून गेले) आणि तिघांतल्या एका घराला पाठवला. उत्तरं 69 टक्क्यांच्या आसपास! हजारावर गावांचे आकडे छापायच्या लायकीचे निघाले नाहीत. 2016 ला पुन्हा सक्ती.
मंडळ कोणावर सक्ती करणार? त्यापेक्षा हॅन्सन-हर्विट्झ या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांची 1946 ची युक्ती कर. 320 नावांच्या चिठ्ठ्यांतून 32 उचल, ओळखीची निवडू नकोस, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन लाव. त्यांतलं प्रत्येक मत दहा घरांचं धरायचं.
16 नावं मला पाठव. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. कूलर बंद करून बसतो.
श्रीधरकाका