प्राकृतिक भूगोलाची पदवी: अभ्यास की नकाशे रंगवणे?

धागाकर्ती (मुलुंड): माझी भाची कला शाखेतून बारावी झाली असून पदवीला भूगोल हा मुख्य विषय घेणार आहे, भूरूपशास्त्र (डोंगर, दऱ्या, नद्या कशा घडतात याचा अभ्यास) आणि हवामानशास्त्र यांत तिला विशेष रस आहे. घरात मात्र 'नकाशे रंगवून पोट भरते का?' असा सूर आहे. मी तिच्या बाजूने आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात एवढा फरक का, असा प्रश्न ज्याला पडतो, त्याने हा विषय घ्यावा.

स्थापत्य अभियंता (दादर): असहमत. पाऊस का पडला हे हवामानशास्त्रज्ञ सांगतो, पाण्याचा निचरा आम्ही पाहतो आणि खडकाविषयी भूवैज्ञानिक बोलतो. भूगोलाच्या पदवीधराच्या वाट्याला उरते काय? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक पदासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तिच्या पात्रतेत भूगोलाची पदवी चालत नाही. शिवाय कला शाखेतल्या बहुतेकांचे गणित दहावीलाच सुटलेले असते.

भूगोलाची माजी विद्यार्थिनी (अंधेरी): पात्रतेचा मुद्दा मान्य आहे, कामाच्या वाटणीचा नाही. २६ जुलैच्या त्या दिवशी दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती, आणि विहार-पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीचे पात्र आपणच भराव टाकून आवळलेले होते. पाऊस, भरती आणि भराव हे तिन्ही एकत्र मांडायला आम्हाला शिकवले. राहिला प्रश्न रंगवण्याचा. प्रॅक्टिकलला १:५०,००० च्या टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) कागदाची पट्टी ठेवून, ती जिथे जिथे समोच्च रेषेला (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेला) छेदते तिथे टोकदार पेन्सिलीने खूण करायची, उंची लिहायची आणि आलेखावर डोंगराचा छेद काढायचा. पट्टी एक मिलिमीटर सरकली की जमिनीवर ५० मीटरची चूक होते. माझे जर्नल त्यापायी दोनदा परत आले होते.

स्थापत्य अभियंता: तुमच्या त्याच टोपोशीटवर समोच्च रेषा उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतात. दादरच्या हिंदमाता भागात पाणी तुंबते ते काही फुटांच्या खोलगटपणामुळे, आणि तो त्या नकाशावर दिसतच नाही.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक (ठाणे): हा आक्षेप रास्त आहे, पण तो जुन्या साधनावर आहे, विषयावर नव्हे, आता उंचीची याहून बारीक माहिती संगणकावर घेऊन उताराचे नकाशे करता येतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळलेली रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. अशा याद्या करताना उतार, माती, पाऊस आणि वस्ती एकत्र वाचणारी माणसे लागतात. माझी तक्रार वेगळीच आहे. क्षेत्रभेटीच्या नावाखाली महाबळेश्वरची सहल निघते आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे उभे स्तंभ मुंबईच्याच मुलांनी पाहिलेले नसतात. भाचीने प्रवेशाआधी विभागात जाऊन क्षेत्रकार्य किती दिवसांचे असते आणि जीआयएसचे (संगणकावर नकाशे व माहिती जोडण्याच्या प्रणालीचे) संगणक चालू आहेत का, एवढे विचारावे. जोडीला संख्याशास्त्र मिळाले तर ते जरूर घ्यावे.

स्थापत्य अभियंता: संख्याशास्त्राबद्दल सहमत. बाकीचे मत तूर्त कायम आहे.