वाचनालयाची 2006 सालची साइट मोबाइलवर आणायची आहे : वर्डप्रेस, हाताने कोड, की तयार बिल्डर?

कार्यवाह_वाचनालय

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह. सरकारी वर्गवारीत वाचनालय 'तालुका ब' वर्गातलं. 2006 साली एका सभासदाच्या मुलाने फ्रंटपेज या मायक्रोसॉफ्टच्या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आमची साइट करून दिली, तेव्हा गावात केवढं कौतुक झालं होतं. आज ती फोनवर उघडा. 780 पिक्सेल रुंद टेबलाच्या रकान्यांत मांडलेलं पान आक्रसून अक्षरं मुंगीएवढी होतात. वाचनालयाची वेळ जीआयएफ चित्रात आहे, ती दोन बोटांनी मोठी केली की धुरकट होते. मराठी मजकूर 'शिवाजी' फॉन्टमधला. तो फॉन्ट फोनमध्ये नसल्यामुळे रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसते.

गेल्या महिन्यात एक आजी रिक्षा करून पुस्तक बदलायला आल्या आणि त्या दिवशी आम्ही बंद. नंतर म्हणाल्या, "फोनवर बघूनच निघणार होते हो, पण तुमचं काही वाचताच येत नाही." ते मनाला फार लागलं.

कार्यकारिणीत तीन मतं पडली आहेत. माझं मत वर्डप्रेसचं, म्हणजे कोड न लिहिता साइट चालवायच्या सॉफ्टवेअरचं. 2003 पासून चालू आहे, मुक्त स्रोत आहे, आणि जगातल्या दर 10 संकेतस्थळांपैकी 4 हून जास्त त्यावर चालतात, म्हणजे जाणकार कुठेही सापडतो. मजकूर डेटाबेसमध्ये, रूप थीममध्ये, दोन्ही वेगळं. उद्या थीम बदलली तरी मजकूर जागचा हलत नाही. याच्या विरोधात कुणाचं काही असेल तर स्पष्ट सांगा.

साधा_एचटीएमएल

कार्यवाह साहेब, मी विरोधात आहे. तुमची पानं किती? पंधरा-वीस? तेवढ्यासाठी पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि डेटाबेस कशाला हवा? फोनवर अक्षरं बारीक का दिसतात ते आधी बघा. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे 'पान स्क्रीनच्या रुंदीत मांड' ही सूचना, नसली की फोनचा ब्राउझर समजतो, हे पान संगणकासाठी आहे. मग तो साधारण 980 पिक्सेल रुंदीवर पान मांडतो आणि आकसून स्क्रीनवर बसवतो. तो एका ओळीचा टॅग टाका, मांडणीसाठी वापरलेली टेबलं काढा, चित्रांना कमाल रुंदी 100 टक्के द्या, आणि अरुंद स्क्रीनसाठी मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम, लिहा. ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने मे 2010 मध्ये स्क्रीनप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं तेव्हा त्याने तीनच गोष्टी सांगितल्या होत्या : लवचीक जाळी (मांडणीचे रकाने), लवचीक चित्रं, मीडिया क्वेरी. यातल्या एकीलाही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

नुसता टॅग टाकून मात्र थांबू नका. टेबलं तशीच राहिली तर पान आडवं सरकवत वाचावं लागेल.

अशी पानं दहा वर्षं हात न लावता चालतात. आणि फाइलींची नावं तीच ठेवलीत तर जुने दुवे तुटत नाहीत.

ग्रंथपाल_ताई

साधा_एचटीएमएल दादा, तुमचं तंत्र बरोबर असेल, पण "हात न लावता" हेच तर आमचं दुखणं आहे. वाचनालयाच्या साइटला आठवड्यातून दोनदा हात लावावा लागतो. नवी पुस्तकं आली, व्याख्यानमालेची तारीख बदलली, ग्रंथप्रदर्शन आहे.

आमच्याकडे एका गुणी मुलाने हाताने कोड लिहून साइट केली होती. सुंदर होती, फोनवर झटकन उघडायची. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली. त्या वर्षी "दिवाळीनिमित्त वाचनालय बंद राहील" ही पट्टी होळीपर्यंत पहिल्या पानावर होती. काढायची कशी, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्याकडे फाइल होती, पण ती सर्व्हरवर चढवायचा पासवर्ड नव्हता.

आता वर्डप्रेस आहे. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की टेबलावर मांडते, फोनने फोटो काढते आणि तिथूनच टाकते. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, मला जमतं. कार्यवाह साहेबांना माझा पूर्ण पाठिंबा.

बारा_वर्षं_वर्डप्रेस

मी पोट वर्डप्रेसवर भरतो, तरी सावध करतो. वर्डप्रेस बसवणं सोपं आहे, राखणं हे कायमचं काम आहे. माझ्याकडे एका संस्थेची साइट दुरुस्तीला आली होती. फिरत्या चित्रांचं एक प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) तीन वर्षं अपडेट केलेलं नव्हतं, त्यातून कुणीतरी आत शिरलं. साइट नेहमीसारखीच दिसायची, पण गूगलवर संस्थेचं नाव शोधलं की खाली सट्ट्याच्या जाहिराती. संस्थेला महिनाभर पत्ताच नव्हता. त्यामुळे प्लगइन चार-पाचच ठेवा, अपडेट आपोआप होऊ द्या आणि बॅकअप होस्टिंगच्या, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर आहे त्याच्या, बाहेर ठेवा.

थीम निवडताना इंग्रजी नमुना बघून भुलू नका. थीमवाल्यांना शीर्षकाच्या अक्षरांत अंतर सोडायची हौस असते. इंग्रजीला ते शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'वाचनालय' शब्दाचे पाच तुकडे दिसतात. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. मी अक्षराच्या आकाराच्या निदान 1.6 पट ठेवतो. थीम घेण्याआधी तिच्यात 'मूर्तिपूजा' आणि 'स्फूर्ती' लिहून 360 पिक्सेल रुंदीत बघा. क्रोममध्ये एफ-12 दाबून कंट्रोल-शिफ्ट-एम केलं की फोनची चौकट येते.

घरगुती_उद्योग

तिसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहिते. माझा लोणची-मसाल्याचा व्यवसाय आहे. तयार बिल्डर, म्हणजे साचे देऊन साइट बनवू देणारी कंपनीची सेवा, वापरून दोन संध्याकाळी साइट उभी केली. सर्व्हर, अपडेट, सुरक्षा, सगळं कंपनी बघते, वर्षाला पैसे भरले की झालं. बारा_वर्षं_वर्डप्रेस यांनी सांगितलेली राखण कार्यकारिणीतलं कोण करणार? ग्रंथपालांचा पगार किती असतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात हेही त्यांच्याच गळ्यात. मला वाटतं, छोट्या संस्थेने ही डोकेदुखी पैसे देऊन बाहेर ठेवावी.

साधा_एचटीएमएल

ताई, दुकानासाठी तुमचा निर्णय योग्य असेल. वाचनालय शंभर-शंभर वर्षं चालतं. बिल्डरच्या कंपनीने दर वाढवले किंवा गाशा गुंडाळला तर साइट उचलून दुसरीकडे नेता येईल का, एवढं पैसे भरायच्या आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी मजकूर फार तर कॉपी करून नेता येतो, मांडणी तिथेच राहते. फ्रंटपेजचंच बघा ना. मायक्रोसॉफ्टने ते 2006 मध्येच थांबवलं, तरी या वाचनालयाची पानं आज उघडतात, कारण फाइली त्यांच्या स्वतःच्या ताब्यात आहेत.

टंक_आणि_लिपी

तिघांनाही थांबवतो. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, 'शिवाजी'तला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, यायला हवा. नाहीतर नव्या कोऱ्या थीममध्ये तीच खिचडी दिसेल. आणि हे काम मजकूर आपोआप बदलणाऱ्या कन्व्हर्टरच्या एका बटणावर सोडू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग 'क'. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी नंतर. रफार याच्या उलट. 'वर्ग'मध्ये जुन्या फॉन्टात रफार 'ग'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'ग'च्या आधी. कन्व्हर्टर बहुतेक शब्द नीट उलटवतो, पण 'दुर्मिळ'सारखा शब्द आला, रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर, की अडखळतो. तुमच्या साइटवर देणगीदारांची नावं असतील. त्यातलं एक जरी चुकलं तरी त्या घराला वाईट वाटेल. प्रत्येक पान मूळ छापील अहवालाशी ताडून बघा.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' बघा. मोफत आहे आणि छोट्या स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतो.

ग्रंथपाल_ताई

एक राहिलंच. पुस्तकांची यादी वर्डप्रेसच्या पानांत भरू नका, मी ती चूक केली आहे. चार हजार पुस्तकांनंतर शोध इतका मंद झाला की वाचकांनी फोन करून विचारायला सुरुवात केली. यादीसाठी 'कोहा' बघा. न्यूझीलंडमध्ये ग्रंथालयासाठीच बनलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, वाचकांसाठीचं शोधपान फोनवर व्यवस्थित उघडतं. फक्त त्याला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि तो बघणारा माणूसही.

कार्यवाह_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीचा विषय मी पुढच्या वर्षावर ढकलतो, सर्व्हर बघणारा माणूस आज आमच्याकडे नाही. बिल्डर नको, हे मात्र पक्कं झालं. साधा_एचटीएमएल यांचं म्हणणं पटलं, तरी वर्डप्रेस सोडवत नाही, कारण ताईंची ती दिवाळीची पट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही.

काल रात्री देणगीदारांचं पान कन्व्हर्टरमधून काढून 2006 च्या अहवालाशी ताडलं. एकशे बारा नावांत नऊ चुका निघाल्या. पहिलंच नाव ज्यांनी वाचनालयाला जागा दिली त्यांचं, आणि त्यांच्या आडनावातला रफार भलत्याच अक्षरावर.

साधा_एचटीएमएल

वर्डप्रेस घ्या, पण वेळ, पत्ता आणि सुट्ट्या हे एकच पान साध्या एचटीएमएलमध्ये वेगळं ठेवा. वर्डप्रेस बंद पडलं तरी ते उघडेल. मी शनिवारी लिहून पाठवतो, पैसे नकोत. पासवर्ड मात्र ग्रंथपालांकडेही ठेवा.