मदत हवी आहे: नाताळच्या मननात बेथलेहेमच्या बाळांचा भाग घ्यावा का?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. पुण्यात खडकीला आमची घरसभा असते, नाताळच्या आठवड्यातलं मनन माझ्याकडे आलंय, वेळ १० मिनिटं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घ्यायचाय. पण मागी लोक (बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी) परत गेले की योसेफ बाळाला आणि मरीयेला घेऊन रातोरात मिसरला (इजिप्तला) निघतो आणि हेरोद राजा बेथलेहेममधली दोन वर्षांपर्यंतची मुलं मारून टाकतो, तो भाग वगळ असं काहीजण म्हणतायत. मला नाही पटत. तो काढला तर उरतो नुसता गव्हाणीचा सुंदर देखावा, आणि देव या असल्याच जगात आला, तान्हेपणीच परागंदा झाला हे राहूनच जातं.

अडचण अशी की सभेत एक जोडपं आहे ज्यांचं बाळ गेलंय. शेजारची हिंदू कुटुंबंही येतात, म्हणून जड ईश्वरविज्ञान नको. मत्तय इथे जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला (३१:१५) राहेलचा, म्हणजे आपल्या मुलांसाठी रडणाऱ्या इस्राएलच्या आदिमातेचा, आक्रोश घेतो. मूळ अध्याय काढून वाचला तर पुढे १६-१७ मध्ये मुलं परत येतील अशी आशा आहे, पण मत्तय तिथपर्यंत जातच नाही. बायबलवरचे दोनतीन भाष्यग्रंथ पाहिले, इतिहास भरपूर, दुःखातल्या माणसाशी काय बोलायचं ते नाही. २८ डिसेंबरला काही चर्चमध्ये या बाळांचं स्मरण करतात ते माहितीये, पण आमची सभा एकच आहे, पुढे ढकलता येणार नाही.

ज्यांनी हा भाग शिकवलाय त्यांनी सांगा, ती आशेची वचनं जोडू की आक्रोशावरच थांबून प्रार्थनेला जाऊ? आणि त्या जोडप्याशी आधी बोलून घेऊ का?