कुस्को: आईबाबांना घेऊन आठ दिवस, मुक्काम कसा लावू?

जर्सीची_जाई
नमस्कार मंडळी. जूनच्या उत्तरार्धात आईबाबांना (६७ आणि ७२) घेऊन पेरूला जायचं चाललंय. माचूपिचू, म्हणजे डोंगरावरचं ते जुनं इंका शहर, हे बाबांचं चाळीस वर्षांपासूनचं खूळ. आई शाकाहारी, त्यात गुडघे कुरकुरतात. एजंट म्हणतो, कुस्कोत एक रात्र पुरे, ते काय, माचूपिचूला जाण्याआधी टेकायचं ठिकाण. खरं का? उंचीचा त्रास कितपत होतो? आणि आई खाणार काय?

पायपीट
एजंटला दुरून नमस्कार करा. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवलं तरी वर शंभरेक मीटर उरतात. माचूपिचू मात्र २,४३० वरच. बहुतेकांच्या डोक्यात हे उलटं असतं. लिमा समुद्राकाठी, तिथून सव्वा तासात विमान एवढ्या उंचीवर नेऊन सोडतं. पहिल्या रात्री डोकं ठणकतं, झोप लागत नाही. आम्ही हेच केलं आणि कुस्कोचा पहिला दिवस हॉटेलचं छत बघण्यात गेला.

म्हणून विमानतळावरूनच गाडी करून खाली ‘पवित्र खोऱ्यात’ उतरा. तिथलं ओयांतायतांबो गाव २,८०० च्या आसपास आहे आणि माचूपिचूची रेल्वे तिथूनच पकडता येते. तीन रात्री तिकडे, एक माचूपिचूच्या पायथ्याशी, मग उरलेल्या सगळ्या कुस्कोत. तोवर शरीर सरावलेलं असतं.

आळशी_मुसाफिर
+१. फक्त तारखा बघा. २४ जूनला इंति राय्मी, म्हणजे सूर्याचा उत्सव. तो बघायचा असेल तर हॉटेल आत्ताच घ्या, नसेल तर ते आठवडाभर शहर टाळा. मला गर्दी सोसत नाही, मी टाळलं असतं. जून म्हणजे तिकडचा हिवाळा. दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री पारा शून्यापाशी. स्वेटर, कानटोपी दोन्ही घ्या.

उंचीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, बाबांना बीपीची औषधं असतील तर नक्कीच. कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात मिळतो, तिथे तो सर्रास पितात. पण परतताना त्याच्या पुड्या अमेरिकेत आणू नका, बेकायदा आहे.

चिरेबंदी
कुस्कोत एक रात्र म्हणणाऱ्याने भिंती पाहिलेल्याच नाहीत. आपल्याकडे हेमाडपंती देवळांत चुना न वापरता दगडावर दगड बसवलेला असतो ना, ते डोळ्यासमोर आणा, मग हातुन रुमियोक गल्लीत जा. तिथे बारा कोनांचा एक दगड आहे, शेजारच्या प्रत्येक दगडाशी इतका घट्ट बसलेला की फटीत सुरीचं पातं जात नाही. (हात लावू नका, पहारेकरी ओरडतो.)

त्याहून मला ‘कोरिकांचा’ आवडलं. इंकांचं सूर्यमंदिर, भिंतींवर सोन्याचे पत्रे होते. स्पॅनिशांनी ते उचकटले आणि वर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची बरीच पडझड झाली, आणि खालच्या इंका भिंती उघड्या पडल्या, जागच्या हलल्या नव्हत्या! तिथे अर्धा दिवस द्या. साक्सायवामानला, म्हणजे शहराच्या वरच्या टेकडीवरच्या इंका गढीला, टॅक्सीने वर जा, उतरतानाही टॅक्सीच करा, गुडघ्यांना उतार जास्त छळतो. तिथल्या काही शिळा शंभर टनांच्या वर आहेत. लहान दगड स्पॅनिशांनी शहरातल्या चर्चांसाठी उचलून नेले, हे मोठे हलेनात म्हणून राहिले.

साक्सायवामान, पिसाक (खोऱ्यातलंच आणखी एक इंका ठिकाण), ओयांतायतांबो मिळून ‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचं एकच तिकीट निघतं, दहा दिवस चालतं. ‘कोरिकांचा’ आणि माचूपिचू यांची तिकिटं वेगळी.

शेंगदाणा
आईंच्या जेवणाचं: नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणालात तर सूपमध्ये कोंबडी निघू शकते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) असं तिन्ही नकार देऊन सांगा. किन्वाचं सूप, नाना रंगांचे बटाटे, टपोऱ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि चीज, उपाशी राहणार नाहीत. सान पेद्रोच्या बाजारात ‘किविचा’ शोधा. तो राजगिऱ्याचाच सख्खा भाऊ, लाह्यांच्या वड्याही मिळतात. एकादशी असली तरी चिंता नको!

आणि कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेलं येशूचं ‘शेवटचं भोजन’ आहे, ताटात चक्क भाजलेला कुय, म्हणजे गिनिपिग. आईंना आधी सांगून ठेवा.

जर्सीची_जाई
सगळ्यांचे आभार. एजंट बदलला. ओयांतायतांबो तीन, पायथ्याशी एक, कुस्को तीन असं ठरलं, २४ तारीख टाळून. आईला धागा वाचून दाखवला. उंचीबद्दल अवाक्षर नाही, पण राजगिऱ्याचा भाऊ पेरूत राहतो हे तिला अजून पटलेलं नाही. खात्री करायला घरचे लाडू सोबत घेणार आहे म्हणे.