मे महिन्यातलं प्रेम: गावात राहिलेल्यांनी लिहावं

तिरफळ:
सुट्टीतल्या प्रेमाची गोष्ट सांगणारा आपल्याकडे नेहमी मुंबईहून आलेला असतो. परीक्षा संपली, रात्रीच्या एसटीने आजोळी उतरला, शेजारच्या खळ्यात कुणीतरी वाळवण घालत होती, आणि मृगाचा पाऊस पडला तसा हा डोळे पुसत परत गेला. ठीक आहे. पण त्या खळ्यातल्या मुलीचं जून-जुलैत काय झालं? ती बहुतेक शाळेतच गेली असणार, छत्री घेऊन. तिने लिहावं म्हणून हा धागा.

चाकरमान्यांना बंदी नाही, पण लाटांची गाज आणि माडांची सळसळ आवरती घ्या. गावाचं नाव लिहा, माणसांची नकोत. कोकणात कोण कुणाचा मामा निघेल सांगता येत नाही. शाळा-कॉलेजच्या वयातलंच लिहा. आणि रेल्वेच्या आधीचं की नंतरचं तेही सांगा. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली आणि निरोप द्यायची जागाच बदलली. एसटी स्टँड गावात, येता-जाता कुणीही जाऊन उभं राहावं. स्टेशन मात्र गावापासून लांब, तिथे जायला रिक्षा आणि घरी सांगायला कारण लागतं.

बावीवरची:
वेंगुर्ला, रेल्वेच्या बरंच आधी. मी नववी संपवून दहावीत जाणार होते.

तो शेजारच्या काकूंच्या बहिणीचा मुलगा, लालबागचा. मेमध्ये त्यांची बाव आटायची, आमची आटत नसे, म्हणून तो पाण्याला यायचा. पुढे पुढे कळशी न घेताच यायला लागला.

त्या महिन्यात आमच्या घरात एकच काम, सोलं म्हणजे आमसुलं करायची. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया-गर वेगळा काढायचा, साली मिठाच्या रसात भिजवून उन्हात टाकायच्या, परत भिजवायच्या, परत उन्हात. मृगाआधी वाळली नाहीत तर बुरशी धरते, त्यामुळे आई दिसेल त्याला कामाला बसवायची. हा म्हणाला, मी फोडतो. आईला काय, दोन हात वाढले. आम्ही समोरासमोर बसायचो, मधे पातेलं. बोलणं काय, तर लालबागला गणपती केवढा असतो आणि आमच्या शाळेत विज्ञानाला बाई आहेत की सर. पण दोघांची बोटं सारखीच लाल झालेली असायची, आणि रात्री ताटावर बसल्यावर स्वतःचीच बोटं बघून मला हसू फुटायचं.

एकदा रस उडाला तो त्याच्या पांढऱ्या शर्टावर. रातांब्याचा डाग काही जात नाही. काकूंनी तो शर्ट आमच्याच बावीवर आणून आपटला, आईच्या देखत. "तुझ्या सोलांक माझो भाचो बरो गावलो गो!" आई नुसतं "हां" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून रातांबे फोडायला माझ्या समोर आजी.

मग पावसाळ्यात पत्रं. आंतरदेशीय, पाठवणारी म्हणून एका मुलीचं नाव. पोस्टमन आमच्याच वाडीतला. ओटीवर बसून पाणी पिता पिता वडिलांना सांगायचा, "चेडवाच्या मैत्रिणीचा अक्षर अगदी झिलग्यासारख्या आसा हां." म्हणजे मुलासारखं. वडील पेपरातून मान वर काढायचे नाहीत.

गणपतीत तो परत आला, आणि तो वेगळाच होता. मेमध्ये त्याला वेळ होता. गणपतीत तो दहा चुलतभावांतला एक होता, भजनाला झांज वाजवणारा, आरतीत ओरडणारा. माझ्याशी बोलला तो "काय, बरी मां?" एवढंच, तेही सगळ्यांसमोर. मला भयंकर राग आला. त्या रागात मी फुगडीला अशी काही उतरले की समोरची पोर गरगरून खाली बसली. पत्रं दिवाळीपर्यंत येत राहिली, मी उत्तर दिलं नाही. दहावीला मार्क मात्र छान पडले.

तिरफळ:
बावीवरची, पहिलाच अनुभव असा आल्यावर बाकीच्यांनी काय लिहायचं!

घळवाला:
रत्नागिरी, रेल्वे नुकतीच आलेली. मी अकरावीत जाणार होतो.

माझे वडील एका बागायतदाराकडे कामाला, मी सुट्टीत त्यांच्याबरोबर. मालकांची भाची पुण्याहून आली होती. तिला आंबे काढायला शिकायचं होतं. घळ म्हणजे लांब काठी, टोकाला जाळी आणि पातं. नवख्या माणसाला वाटतं आंबा जाळीत पडला की झालं. तसं नाही, देठ ठेवून काढावा लागतो. देठाशी तुटला तर चीक उडतो, आंब्यावर पडला तर डाग धरतो आणि कातडीवर पडला तर भाजतं. तिने काढलेल्या पहिल्याच आंब्याचा चीक माझ्या गालावर. तिला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, काही नाही होत. व्हायचं ते झालंच, गालावर काळा चट्टा पडला आणि महिनाभर टिकला. कॉलेज सुरू झालं तरी होता. मित्र विचारायचे, मी चीक म्हणायचो, कोणाचा विश्वास बसायचा नाही.

मालकांची परवानगी घेऊन तिला आणि तिच्या धाकट्या भावाला मी थिबा पॅलेस दाखवायला नेलं. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी राज्य घेऊन 1886 मध्ये इथे आणून ठेवला, 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला, 1916 मध्ये राजा इथेच वारला. शाळेत घोकलेलं सगळं सांगून टाकलं. मग तिच्या भावाला पाणी आणायला पाठवून, शाळेत न शिकवलेलं सांगितलं: राजाच्या थोरल्या मुलीचं वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर मन बसलं, त्यांची मुलगी टूटू शेवटपर्यंत रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे राजकन्येचं काय झालं?" मी म्हटलं, हाल झाले. मी बेत केला होता तसा काही तो संवाद गेला नाही.

जात आडवी आली का, असं कोणीतरी विचारणारच. तिथपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. मेअखेरीला उरलेला आंबा कॅनिंगला गेला, बाग रिकामी झाली, ती मंडळी पुण्याला. निघताना तिच्या मामांनी मला पगाराव्यतिरिक्त शंभराची नोट दिली, "पोरांना फिरवलंस म्हणून". ती नोट मला अजून खुपते. प्रेम वगैरे विसरायला होतं हो, पण नोट नाही.

पायरी:
घळवाला, ती नोट खर्च केलीत की ठेवलीत?

घळवाला:
खर्च केली. अकरावीचं पुस्तक घेतलं, रसायनशास्त्राचं.

हर्णैकरीण:
तुम्ही सगळे मे-मे करताय, आमच्याकडे मेमध्ये मान वर करायला फुरसत नसते. संध्याकाळी बोटी लागल्या की बंदरावर लिलाव, आई टोपल्या घेऊन पुढे, मी बर्फ घेऊन मागे. पुण्या-मुंबईची पोरं नाकाला रुमाल लावून फोटो काढायला उभी. त्यातल्या कोणावर प्रेम बसणार? वाटेतून बाजूला हो, एवढंच बोलणं.

आमची सुट्टी तुमची संपली की सुरू. पावसाळी मासेमारी बंद, 1 जून ते 31 जुलै. बोटी वर ओढतात, खलाशी घरी, आणि ज्याला वर्षभर फक्त लांबून येताना बघितलं तो आपला रोज समोर, पडवीत बसून जाळं शिवताना. मी अठराची, तो एकोणीसचा. मी जाळ्याला सूत भरून द्यायचे. त्याची आई आत सुके बोंबील भाजायची आणि मुद्दाम मोठ्याने खोकायची. दोन महिने असे गेले. मग नारळी पौर्णिमा झाली आणि पोरगा परत पाण्यात.

तेव्हा मी बंदरावर जाऊन रडले होते, हे खरं. पुढे लग्न झालं त्याच्याशीच. आता ऑगस्ट उजाडला की मीच डबा भरून देते आणि म्हणते, जा बाबा एकदाचा.

तरीवर:
आमचं छोटंसंच. ती दाभोळला, मी धोपाव्याला. वाशिष्ठीच्या खाडीचे दोन काठ, समोरासमोर. आता गाड्या चढवणारी फेरीबोट आहे, तेव्हा लाँच. तीही गावाकडचीच, मीही गावाकडचाच, पाहुणं कोणीच नाही, तरी सुट्टी लागायची वाट बघायचो, कारण शाळा असताना खाडी ओलांडायला निमित्त नसे. एका संध्याकाळी गप्पांत शेवटची लाँच चुकली. रस्त्याने घरी यायचं तर चिपळूणवरून वळसा. एका ओळखीच्या नाखव्याने होडीतून सोडलं, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी घरी. कशी, ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हा फोन तर पोस्टात एकच होता.

डोंबिवली-मालवण:
चाकरमानी बोलतोय, शिव्या नंतर द्या. 1999, कुडाळला उतरून पुढे एसटीने मालवण.

ती भेटली रापणीवर. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, तासन्‌तास. जो येईल तो दोराला हात लावतो. माझ्या पुढे ती होती, तिचे काका रापणवाले. मी दोर मनगटाला गुंडाळला होता, तिने मागे वळून सांगितलं, "हात जायत तुझो, सोड तो." तेवढ्यावर मी पुढचा महिना रोज पहाटे उठलो. घरचे म्हणाले, अभ्यासाला कधी उठला नाही. ओढणाऱ्यांना वाटा मिळायचा, मूठभर पेडवे किंवा तारल्या, ते मी आजीला नेऊन द्यायचो. आजीला सगळं कळत होतं, पण मासे फुकट मिळत होते.

अशा गोष्टींत नेहमी मुंबईवालाच पाठ फिरवतो. माझ्या बाबतीत पाठ तिने फिरवली, आणि ती बरोबर होती. मी म्हटलं दिवाळीत येतो, गणपतीत येतो, पुढच्या मेमध्ये येतो. ती म्हणाली, "ये की. मी नसतलंय." बारावी झाली होती, नर्सिंगला मिरजेला निघाली होती, फॉर्म भरून झाला होता. माझ्या डोक्यात ती कायम त्या वाळूवर उभी, आणि तिने कधीच सामान बांधलेलं. गंमत म्हणजे मी नंतर बरीच वर्षं मालवणला जात राहिलो आणि ती फारशी आलीच नाही. गाव माझं झालं, तिचं सुटलं.

बावीवरची:
डोंबिवली-मालवण, हे तिला लिहायला सांगा. तुमच्यापेक्षा चांगलं लिहील.

डोंबिवली-मालवण:
यात शंका नाही.

पडवी:
मी गुहागरची. माझा अनुभव जुना नाही, चालू आहे, आणि माझा नाही, मुलीचा आहे.

घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. यंदा पुण्याचं एक कुटुंब आलं, मुलगा सतराचा, आमची सोळाची. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "काकू, उकडीचे मोदक कसे करतात?" मी म्हटलं, पाहुण्यांनी खायचे, करायचे नाहीत. तरी पाट घेऊन बसला. आमची कळ्या पाडायला शिकवत होती, त्याच्याच्याने सगळे फुटत होते, आणि ही जी एरवी माझा एक मोदक फुटला तर नाक मुरडते, ती त्याला म्हणते, "छान जमतंय!" तेव्हा मी ओळखलं.

आता ते गेलेत. आमच्या वेळी पत्राची वाट बघण्यात निदान आठवडे जायचे आणि त्यात डोकं थंड व्हायचं. यांचं मोबाइलवर दिवसभर. रेंज फक्त गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणापाशी येते, त्यामुळे पोरगी संध्याकाळी गडग्यावर, डास चावत असतानाही. मी ओरडत नाही. तिच्या वडिलांना फोनचं बिल नाही म्हणून काही कळत नाही. मला ती रडेल याची भीती नाही, रडेल आणि उठेल. मला प्रश्न वेगळाच पडलाय. त्याच्या आईचा काल फोन आला, दिवाळीत परत त्याच खोल्या हव्यात, पाच दिवस, आणि तिच्या आवाजावरून तिलाही सगळं माहीत आहे. देऊ की नको?

बावीवरची:
दे. समोर असलेला बरा. आणि मोदक परत करायला लाव, आमच्या आईने केलं असतं तसं.

हर्णैकरीण:
दे, पण दिवाळीचा दर लाव. आणि अर्धे पैसे आधी घे, पोरांचं भांडण झालं तर बुकिंग रद्द करतील.